गाठ कोणाच्या हाती?

गेल्या वैशाखात आमच्या घरी एक विलक्षण मागणी आली. सुट्टीचे पहिले आठ दिवस सरता सरता आमची चौदा वर्षांची नात पुढ्यात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आबा, मला शेपूट शिवायचं आहे." माणसाला शेपूट नाही याबद्दल कोणी तक्रार केल्याचे आजवर आमच्या ऐकिवात नव्हते, त्यामुळे हा काय प्रकार आहे ते समजून घेण्यास थोडा वेळ लागला. तिला हवे होते मत्स्यकन्येचे शेपूट. ते कंबरेपासून पावलांपर्यंत चढवावयाचे, त्याच्या टोकाला रुंद पर असावयाचा आणि ते घालून पाण्यात पोहावयाचे. अशी शेपटे आता विकतही मिळतात. पण तिला ते घरीच करावयाचे होते. तिच्या हाती आकृत्यांचा आणि मापांचा कागद होता. आमच्याकडून तिला तीन गोष्टी हव्या होत्या : आजीचे शिवणयंत्र, प्लास्टिकचा जाड पत्रा कापून देणारा कारागीर आणि परवानगी. पहिल्या दोन आम्ही तत्काळ देऊ केल्या. तिसरीपाशी आमची जीभ अडखळली.

अडखळण्याचे कारण आमच्या जन्माच्याही आधीचे आहे. बडोद्यातील आमच्या जुन्या वाड्याच्या मागील अंगणात विहीर होती. वडिलांची धाकटी बहीण, म्हणजे आमची कधीही न पाहिलेली आत्या, पाणी शेंदताना तोल जाऊन तीत पडली. ती सोळा वर्षांची होती. पाणी फार खोल नव्हते, हाकेच्या अंतरावर माणसे होती आणि आत्याच्या हातांत बळही होते. पण ओले पातळ दोन्ही पायांभोवती असे गुंडाळले गेले होते की तिला पाय मारताच आले नाहीत. ज्यांनी तिला वर काढले, त्यांनी हे नंतर सांगितले आणि आमच्या आजीने ते जन्मभर उगाळले. त्या दिवसापासून घरातील मुलींना आणि सुनांना पाण्याची बंदी झाली. मुलगे मात्र पाठीला सुका भोपळा बांधून त्याच विहिरीत पोहायला शिकले. आम्हीही तसेच शिकलो.

ज्या घरात कापडाने पाय बांधले जाऊन एक मुलगी गेली, त्याच घरातील दुसरी मुलगी आता पाय बांधण्यासाठी कापड मागत होती. आमची अडचण वाचकांच्या ध्यानी यावी म्हणून एवढे घरचे सांगितले. परंतु हा प्रश्न केवळ आमच्या घरचा नाही. माणसाने स्वतःला आपल्या हाताने बांधून घ्यावे काय, आणि घ्यावयाचे तर कोणत्या अटीवर, हा जुनाच प्रश्न या शेपटाच्या निमित्ताने आमच्यासमोर आला होता.

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. शेपटाचे दोन भाग असतात, आतला पर आणि वरचे कापड. पर पॉलिकार्बोनेटच्या तीन-चार मिलिमीटर जाडीच्या पत्र्यातून कापतात. मधोमध पावले सरकवण्यासाठी पोहण्याच्या रबरी फ्लिपरांचे पायघोळ बसवतात. कापलेल्या कडा कानशीने घासून त्यांवर रबराची पट्टी चढवावी लागते, नाही तर त्या कापडही फाडतात आणि शेजाऱ्याचे कातडेही. प्लायवूड येथे कामाचे नाही. ते लवत नाही आणि पाण्यावर तरंगू पाहते. पत्रा लवला पाहिजे आणि लवून पुन्हा सरळ झाला पाहिजे. पाणी मागे लोटण्याचे बरेचसे काम त्याच्या त्या परतण्यात असते. वरचे कापड चारी दिशांना ताणले जाणारे असावे लागते. ते साध्या सरळ टाक्याने शिवले तर पहिल्याच ताणात दोरा तुटतो. त्यास नागमोडी टाका लागतो. माप घेण्याची रीत मोठी गमतीची आहे. मुलगी दोन्ही पाय जुळवून कापडावर आडवी होते आणि कोणी तरी खडूने तिच्याभोवती रेघ ओढतो. मंगळबाजारातून आणलेल्या हिरव्या कापडावर ही रेघ ओढण्याचे काम आजीकडे आले. तळाशी पाणी निथळून जाण्यास फट ठेवावयाची आणि कंबरेला लवचीक पट्टी लावावयाची.

"नाडी का नको?" असे आम्ही विचारले. नातीने क्षणभरही विचार न करता सांगितले, "नाडीला गाठ बसते, आबा. आणि ओली गाठ सुटत नाही."

हे वाक्य त्या दिवसापासून आमच्या मनातून गेलेले नाही. पुढे आम्ही जे काही लिहीत आहोत ते बहुतांशी त्याचेच भाष्य आहे.

अशी शेपटे शिवणाऱ्यांत ही मुलगी पहिली नव्हे. ॲनेट केलरमन ही १८८६ साली सिडनीजवळ जन्मलेली जलतरणपटू. लहानपणी तिचे पाय इतके दुर्बळ होते की त्यांना पोलादी आधार लावावे लागत. पायांत बळ यावे म्हणून आईवडिलांनी तिला पाण्यात घातले आणि काही वर्षांत तिचे पाय जवळजवळ सर्वसामान्य झाले. त्या काळी पाश्चात्त्य देशांत स्त्रियांनी पाण्यात उतरताना घागरा आणि मोजे घालावेत असा शिष्टाचार होता. ओल्या घागऱ्यात पोहणे म्हणजे काय ते आमच्या घराला ठाऊक आहे. या बाईने तो शिष्टाचार झुगारून अंगासरशा एकसंध पोशाखाचा हिरीरीने पुरस्कार केला. आणि याच बाईने १९११ सालच्या 'द मरमेड' या मूकपटात पोहता येईल असे मत्स्यकन्येचे शेपूट अंगावर चढवले. असले पोशाख ती स्वतःच योजत असे आणि काही वेळा स्वतःच्या हातांनी तयारही करीत असे.

येथे थोडे थांबले पाहिजे. ज्या स्त्रीचे पाय बालपणी पोलादात अडकले होते आणि जिने तरुणपणी घागरा पायांपासून दूर केला, तिने आपणहोऊन दोन्ही पाय एका कापडात का कोंबले? आम्हांस यात विसंगती दिसत नाही. घागरा दुसऱ्यांनी ठरविलेला होता. तो पोहणाऱ्या देहासाठी नव्हे, तर पाहणाऱ्यांच्या डोळ्यांसाठी होता. शेपूट तिने स्वतः ठरविले होते. घागऱ्याने पायांचे बळ जात होते आणि बदल्यात काहीच मिळत नव्हते. शेपटाने पायांची वेगवेगळी चाल जात होती, पण बदल्यात साऱ्या देहाची एक चाल मिळत होती. दोन्हीकडे कापडच होते. त्याला बंधन म्हणावयाचे की साधन, हे ते कोणी घातले, कशासाठी घातले आणि कोणाला काढता येते यांवर ठरते.

'साऱ्या देहाची एक चाल' हे शब्द थोडे उलगडले पाहिजेत. मासा शेपूट डावीकडे-उजवीकडे हलवतो आणि त्याच्या शेपटाचा पर उभा असतो. माणसाने केलेल्या मत्स्यकन्येच्या शेपटाचा पर मात्र आडवा असतो आणि तो वर-खाली हलतो. कारण आपला कणा पुढे-मागे चांगला वाकतो, बाजूंना तितका वाकत नाही. म्हणजे नाव मत्स्यकन्येचे असले तरी चाल डॉल्फिनची आणि देवमाशाची. हे दोघेही मासे नव्हेत, आपल्यासारखेच फुप्फुसांनी श्वास घेणारे आणि पिलांना दूध पाजणारे प्राणी आहेत.

देवमाशाचे नाव काढले की बडोद्याच्या माणसाला कमाटीबाग आठवल्याशिवाय राहत नाही. तेथील संग्रहालयात निळ्या देवमाशाचा सुमारे २२ मीटर लांबीचा सांगाडा आहे. १९४४ साली महीच्या मुखात शिरलेला तो प्राणी. आपल्यापैकी कितीतरी जणांनी लहानपणी आजोबांचे बोट धरून त्या फासळ्या मोजण्याचा प्रयत्न केला असेल. त्या प्राण्याच्या पूर्वजांना चार पाय होते. कच्छच्या खडकांत सापडलेल्या आणि २००० साली 'कच्छिसीटस' असे नामकरण झालेल्या एका प्राचीन देवमाशाला आखूड पाय होते आणि लांब शेपूट होते. तो साडेचार कोटी वर्षांच्या आसपास या भूमीच्या किनाऱ्यावर वावरत होता. पुढे त्या कुळाचे मागचे पाय गेले. आजच्या देवमाशांत कंबरेच्या हाडांचे लहानसे अवशेष मांसात रुतून राहतात, कण्याशी त्यांचा सांधा उरत नाही. समुद्र मिळाला आणि जमीन कायमची गेली. किनाऱ्याला लागलेला देवमासा स्वतःच्याच भाराने गुदमरतो. निसर्गाने मारलेली गाठ सोडणारा हात कोणाकडेच नसतो. माणसाचे मात्र तसे नाही. तो सकाळी शेपूट चढवू शकतो आणि दुपारी ते दोरीवर वाळत घालून दोन पायांनी जेवायला येऊ शकतो. माणूसपणाचा हा मोठाच विशेष म्हटला पाहिजे.

हान्स अँडरसनच्या १८३७ सालच्या प्रसिद्ध कथेतील जलकन्येने नेमका उलटा सौदा केला होता. तिने शेपूट देऊन पाय घेतले आणि त्यासाठी स्वतःचा आवाज मोजला. प्रत्येक पावलागणिक तिला सुरीवर चालल्यासारख्या वेदना होतात आणि माघारीची वाट तिला ठेवलेली नाही. शेवटी बहिणी जी वाट आणून देतात ती दुसऱ्याच्या प्राणांवरून जाणारी असते. ती कथा वाचताना लहानपणी आम्हांस चेटकिणीचा राग येई. आता वाटते, आवाज घेतला हे क्रूर खरेच; पण माघारीची वाट बंद केली हे अधिक क्रूर होते. प्रेमात पडलेल्या एका अजाण मुलीकडून कायमची गाठ मारून घेणे, हा त्या व्यवहारातील खरा अधर्म आहे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. ज्यांना माघार नाही अशी बंधने सगळीच वाईट म्हणावयाची काय? दिलेला शब्द, संसार, अपत्य, व्रत यांची थोरवी ती सहज सोडता येत नाहीत यातच नाही काय? आहे, हे आम्ही मान्य करतो. पण भीष्मांची गोष्ट आठवावी. मत्स्यगंधेच्या पित्याला दिलेल्या शब्दापायी त्यांनी प्रतिज्ञा केली. पुढे विचित्रवीर्य निपुत्रिक गेला, वंश उघड्यावर पडला, तेव्हा जिच्यासाठी ती प्रतिज्ञा झाली होती त्या सत्यवतीनेच ती मोडण्याची विनवणी केली. भीष्मांनी गाठ सोडली नाही. ती त्यांच्याच हातची होती, पण एव्हाना ओली झाली होती. त्यांची थोरवी आम्ही नाकारीत नाही. त्या थोरवीची किंमत कुरुकुळाने चुकविली, एवढेच म्हणतो. न सुटणारी गाठ मारण्याचा अधिकार प्रौढाला स्वतःपुरता असेल. दुसऱ्यासाठी ती मारण्याचा, किंवा चौदा वर्षांच्या मुलीला मारू देण्याचा अधिकार कोणालाच नाही.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे. आपली गाठ आपल्या हाती आहे असे प्रत्येक व्यसनी माणूसही म्हणतो. हेही खरे. म्हणून केवळ तसे वाटणे पुरेसे नाही, ती सोडून दाखवता आली पाहिजे; एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा, आणि घाबरलेल्या स्थितीतसुद्धा. ज्याने गाठ सोडण्याचे सिद्ध केले त्यालाच ती मारण्याची मोकळीक, असा नियम आम्ही मनाशी ठरविला. शेपटाच्या बाबतीत हा नियम अगदी अक्षरशः लागू पडतो, कारण धोका खरा आहे. पाय जुळले की पाणी तुडवत उभे राहणे अवघड होते, आणि कच्चा पोहणारा उलटा झाला की त्याला चटकन सावरता येत नाही. कॅनडातील एडमंटन शहराने २०१५ साली आपल्या तरणतलावांत अशा शेपटांना मनाई केली, ती काही उगाच नव्हे.

परंतु मनाई हेच सर्व प्रश्नांचे उत्तर आहे काय? आमच्या घराने सत्तर-पाऊणशे वर्षे तेच उत्तर दिले. नळीवर बसलेल्या पोपटाचा दृष्टांत आपल्या संतवाङ्मयात आलेला आहे. नळी फिरते, पोपट उलटा होतो आणि आपण बांधले गेलो आहोत अशा समजुतीने तीच नळी घट्ट धरून ठेवतो. वास्तविक त्याला कोणीच बांधलेले नसते. आत्या गेल्यावर शहाणपणाचा धडा एकच होता, तो म्हणजे घरातील प्रत्येक मुलीला पोहायला शिकवणे. आम्ही मुलींना पाण्यापासून दूर केले. आत्याचे पाय कापडाने काही क्षण बांधले गेले. तिच्या मागून आलेल्या सगळ्या जणींचे पाय भीतीने जन्मभर काठाशी बांधले गेले. त्यांतील एकही पाण्यात पडली असती तर ती वाचली नसती, हे कोणाच्या ध्यानातही आले नाही. आमची स्वतःची मुलगीही पोहायला शिकली नाही आणि तेव्हा आम्ही गप्प राहिलो. ही चूक आमचीच आहे, ती आजीच्या माथी मारता येणार नाही. नात पोहते ती आमच्या सूनबाईंच्या हट्टामुळे.

महाराष्ट्राबाहेर रुजलेल्या आपल्यासारख्या घरांना हा विचार आणखी एका ठिकाणी बोचावा. घरात मराठी बोलावी, सणवार आपल्या रीतीने करावेत, ही बंधने आपण पिढ्यान्‌पिढ्या हौसेने बाळगली. मुलांच्या अंगावर ती चढवताना त्यांना त्यांतून पोहता येते की नाही, हे आपण पाहिले काय? जी भाषा केवळ धाकाने अंगावर राहते ती ओल्या पातळासारखी पायांत येते. जी मूल स्वतः मापे घेऊन, स्वतः टाके घालून आपलीशी करते, तिने त्याला गती येते. नातीने शेपटाच्या कागदावर मापे मराठीत लिहिली होती. कोणी सांगितले नसताना. आम्हांस तेवढे पुरे झाले.

घरी करण्याचा हट्टही आम्हांस आता निराळा दिसतो. सुरुवातीला वाटले होते, काटकसर असेल किंवा हौस असेल. पण ज्याने वस्तू स्वतः शिवली त्याला तिचा कमकुवत टाका कोठे आहे आणि ती कोठून ओढली की निघते, हे डोळे मिटूनही ठाऊक असते. आणि ती देहासाठी केलेली असेल तर देहाची उणीवही तीत सामावून घेता येते. न्यूझीलंडमध्ये दोन्ही पाय गुडघ्याखाली नसलेल्या एका स्त्रीसाठी वेटा वर्कशॉप या चित्रपटांचे साहित्य घडविणाऱ्या संस्थेने २००९ साली पोहण्याजोगे शेपूट तयार करून दिले. आमच्या नातीसाठी शेपूट म्हणजे दोन पायांचा तात्पुरता त्याग. त्या स्त्रीसाठी ती गतीची प्राप्ती. एकाच वस्तूला एकच अर्थ चिकटवून तिला चांगली किंवा वाईट ठरविणे किती उतावळेपणाचे आहे, हे यावरून दिसावे.

शेवटी आम्ही परवानगी दिली, पण अटी घालून. पहिला प्रयोग एका स्नेह्यांच्या शेतावरील हौदात, कंबरभर पाण्यात. एकटीने कधीही उतरावयाचे नाही. बुडी मारण्यापूर्वी भराभर मोठे श्वास घ्यावयाचे नाहीत, कारण त्याने श्वासाची ओढ उशिरा लागते आणि माणूस पाण्यातच बेशुद्ध होऊ शकतो. आणि पोहण्याआधी शेपूट पाण्याखाली दहा वेळा काढून दाखवावयाचे. ही शेवटची अट ऐकून ती हसली आणि म्हणाली, "दहाच? मी वीस वेळा दाखवते."

तिने खरोखरच वीस वेळा दाखविले. कंबरेची पट्टी अंगठ्यांनी खाली लोटावयाची, टाचा पायघोळांतून मागे ओढावयाच्या, की शेपूट मोकळे. पहिल्या खेपेस आम्ही श्वास रोखून मनात आकडे मोजत होतो. सातव्या-आठव्या खेपेनंतर मोजायचे विसरलो. मग ती पोहली. छातीपासून निघालेली लाट कंबरेतून, गुडघ्यांतून खाली जात परापाशी पोहोचे आणि हौदाची लांबी दोन झेपांत संपून जाई. आत्याला पोहता आले असते तर ती कशी दिसली असती, असा विचार मनात येऊन गेला. तो आम्ही कोणाला बोलून दाखविला नाही.

आमची पत्नी काठावर बसली होती. बावन्न वर्षांपूर्वी ती या घरात आली तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात तिला विहिरीची गोष्ट सांगितली होती, आणि तेव्हापासून बादलीखेरीज कोणत्याही पाण्यात तिने पाऊल टाकलेले नव्हते. ऊन कलल्यावर नात हौदाच्या कडेशी आली आणि म्हणाली, "आजी, पाय तरी सोड पाण्यात." आजीने आमच्याकडे पाहिले नाही. तिने पातळ पोटऱ्यांपर्यंत वर घेतले, ते कंबरेशी नीट खोचले आणि दोन्ही पाय पाण्यात सोडले.